पद्मिनीचं मागचं डावं चाकच का घासतं?

रत्नागिरीहून प्रश्न आलाय. गाडी १९७९ची प्रीमियर पद्मिनी, वडिलांची. बारा वर्षं अंगणात पत्र्याच्या शेडखाली उभी होती. आता इंजिन उघडून झालं, रंग झाला, गाडी खाली बसली होती म्हणून पाटे (मागच्या लीफ स्प्रिंग) मारून, म्हणजे परत कमान काढून आणले, नवे रेडियल टायर चढले आणि पहिल्याच फेरीत स्पीडब्रेकरवर मागचं डावं चाक मडगार्डच्या कडेला घासलं. मोजल्यावर टायर आणि मडगार्डची कड यांच्यात डावीकडे ११ मिमी जागा निघाली, उजवीकडे ३५. गॅरेजवाल्याने दोन उपाय सांगितलेत. हाउजिंगवर (मागच्या ॲक्सलच्या नळीवर) पाटा जिथे बसतो त्या सीटचं भोक कानशीने लांबवून चेन ब्लॉकने हाउजिंग २४ मिमी उजवीकडे ओढायचं, किंवा डाव्या मडगार्डची कड आत ठोकून टाकायची. यातलं काय करू, असं विचारलंय.

आज तरी दोन्ही नको. कानस तर घराबाहेर ठेवा.

पहिलं त्या २४ चं. हाउजिंग एकच सलग नळी आहे. ती १२ मिमी डावीकडे गेली की डावी फट १२ने कमी होते आणि उजवी १२ने वाढते, म्हणून फरक २४ दिसतो. सरकलं असलंच तर ते १२च मिमी. सांगितल्याप्रमाणे २४ ओढलं असतं तर उजवीकडे ११ आणि डावीकडे ३५ राहिले असते आणि पुढच्या आठवड्यात उजवं चाक घासलं असतं. मी हे अनुभवी मिस्त्रींच्या हातूनही होताना पाहिलंय, म्हणून आधी लिहिलं.

दुसरी गोष्ट अशी की पाट्यांच्या गाडीत ॲक्सल स्वतःहून कुठे जात नाही. त्याला आडवं धरून ठेवणारा वेगळा दांडा पद्मिनीत नाही, ॲम्बॅसेडरमध्येही नाही. प्रीमियर ११८ एनईसारख्या, फियाट १२४च्या वंशातल्या गाडीत कॉइल स्प्रिंग असतात, तिथे एक आडवा रॉड हाउजिंगला बॉडीशी बांधतो आणि ॲक्सल कुठे बसणार ते त्या रॉडच्या लांबीवर ठरतं. आपल्याकडे ते काम पाटेच करतात. पाटे बॉडीला जिथे टांगलेत तिथे ते बसतात आणि पाटे जिथे बसलेत तिथे ॲक्सल बसतो. त्यामुळे बॉडी वाकडी आहे, पाटे वाकडे आहेत की हाउजिंग वाकडं आहे, हे ठरल्याशिवाय हाउजिंग ओढण्यात काही हशील नाही. माझ्या हिशेबात हाउजिंगचा नंबर शेवटचा लागतो.

हे मी फुकट शिकलो नाही. कोल्हापुरात, उद्यमनगरात काम सुरू केलं त्या सुरुवातीच्या वर्षांत एक टुरिस्ट ॲम्बॅसेडर आली होती. तक्रार हुबेहूब हीच. मीही सीटचं भोक कानशीने आठ मिमी लांबवलं, हाउजिंग सरकवलं, पाटा आणि हाउजिंग एकत्र धरणारे यू बोल्ट आवळले. दोन्हीकडे सारखी बोटं जात होती, मालक खूश, मी खूश. महिन्याभरात ड्रायव्हर परत आला. खंबाटकी उतरताना ब्रेक दाबला की मागून खण्ण आवाज येतो आणि गाडीचं बूड एका बाजूला जातं. उघडून बघितलं तर पाट्यांच्या मधल्या सेंटर बोल्टचं डोकं त्या लांबवलेल्या भोकात मागेपुढे खेळत होतं, यू बोल्टच्या आतली बाजू घासून आरशासारखी झाली होती. खरी गंमत पुढे आहे. मडगार्डला चुंबक लावलं तर चिकटेना. कधीतरी गाडी ठोकली गेली होती आणि डेंटरने पत्रा सरळ करण्याऐवजी वर बोटभर जाड लांबी (पुट्टी) भरून गोलाई काढली होती. ॲक्सल पहिल्यापासून बरोबर होता. चुकीच्या मडगार्डला शोभावा म्हणून मी बरोबर ॲक्सल चुकीचा केला होता.

म्हणून तुमच्या गाडीलाही आधी चुंबक लावा. दोन्ही मडगार्डच्या कडांवर वीतभर अंतराने फिरवत न्या. रंग नुकताच झालाय म्हणता, म्हणजे लांबी असणारच. ती कुठे किती आहे एवढंच बघायचं.

त्यानंतर दहा मिनिटांत होणाऱ्या दोन तपासण्या. चारही टायरमध्ये सारखी हवा भरा, गाडी सपाट फरशीवर घ्या, मागचा बंपर दाबून चार-पाच वेळा झुलवा आणि सोडा. आता चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंनी मोजा. गाडी बारा वर्षं एका जागी उभी होती. अंगण उतरतं असेल किंवा एका बाजूचा टायर बसलेला असेल तर त्या बाजूच्या पाट्याने वर्षानुवर्षं जास्त वजन खाल्लेलं असतं. समजा उजवी बाजू १५ मिमी खाली आहे. मग बॉडी उजवीकडे कलली आणि मडगार्डची कड ॲक्सलच्या वर साधारण फूटभर असल्याने ती तीन-चार मिमी उजवीकडे जाते. फटींच्या फरकात हे दुप्पट दिसतं, म्हणजे तुमच्या २४ मधले सात मिमी नुसत्या बसलेल्या पाट्याचे असू शकतात, ॲक्सल जागचा हललेलाही नसताना. दुसरी तपासणी म्हणजे मागची दोन्ही चाकं आपसात बदलून परत मोजा. आकडे चाकाबरोबर बाजू बदलून गेले तर दोष रिमचा. जुन्या बाजारातून आणलेल्या पाच रिमांत एक वेगळीच निघते, बाहेरून सगळ्या सारख्या दिसतात.

टायरचंही इथेच उरकतो. या गाडीचे मूळ टायर ५.२०-१४, म्हणजे रुंदी साधारण १३२ मिमी. तुम्ही १६५चे घातले असतील तर प्रत्येक टायर ३३ मिमी जास्त रुंद झाला, दर बाजूला १६ मिमी. कारखान्यातून निघतानाच ॲक्सल तीन-चार मिमी इकडेतिकडे असेल तर मूळ टायरवर ते जन्मभर कुणाच्या लक्षात आलं नसतं. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडायची तेव्हा कुणी वर्नियर घेऊन बसत नव्हतं. सगळं तपासून शेवटी पाच मिमी उरले तर ते गाडीच्या स्वभावात धरा आणि टायर अरुंद घाला.

आता खरं मोजमाप. मोजमापासाठी मडगार्ड विसरून जा, तो दिसायला असतो. या गाडीला वेगळी चेसिस नाही, खालचा पत्रा आणि त्यातल्या पेट्या हीच चेसिस, त्यामुळे माप तिथूनच घ्यायचं. लागतं काय, तर गवंड्याचा ओळंबा, खडू, सुतळी आणि स्टीलचा टेप. गाडी चाकांवरच उभी हवी. खाली शिरायला जागा हवी म्हणून चारही चाकांखाली एकाच जाडीचे लाकडी ओंडके द्या आणि पुढच्या-मागच्या चाकांना उटी लावा. चिऱ्यावर गाडी चढवू नका. कोकणात हाताशी चिराच असतो हे मला माहीत आहे, पण जांभा दगड वरून शाबूत दिसतो आणि एका कोपऱ्यावर वजन आलं की भुगा होतो. गाडी उचलून काम कराल तेव्हाही नुसत्या जॅकवर नाही, घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर).

ओळंबा सोडायचा तो जोडीजोडीने. पुढच्या सस्पेंशनच्या खालच्या आर्मचे बोल्ट डावा-उजवा, मग पाट्यांचे पुढचे बोल्ट डावा-उजवा, मग मागच्या शॅकलचे, म्हणजे पाट्याचं मागचं टोक बॉडीला टांगणाऱ्या पट्ट्यांचे, वरचे बोल्ट. प्रत्येक ठिकाणी टोक जिथे टेकेल तिथे फरशीवर खडूने बारीक फुली मारा आणि शेजारी नाव लिहा, नाहीतर अर्ध्या तासाने कुठली कुणाची ते आठवत नाही. शेवटी हाउजिंगवरून सोडा. तिथे ब्रेकच्या बॅकप्लेटची (ब्रेक ड्रममागच्या गोल पत्र्याची) आतली कड सोयीची पडते. दोन्ही बाजूंना तीच कड, तेच ठिकाण. हाउजिंगच्या मधल्या फुगीर पोटावरून मध्य काढायला जाऊ नका, ते पोट गाडीच्या मध्यावर असायलाच हवं असा नियम नाही. जुन्या विलीज जीपमध्ये ते मुळातच उजवीकडे असतं आणि तरी चाकं मध्यावर असतात.

आता गाडी ढकलून बाजूला घ्या. फरशीवर आठ फुल्या उरल्या. प्रत्येक जोडीचा मध्य काढून ठिपका द्या. चार ठिपके झाले. पुढच्या ठिपक्यापासून शॅकलच्या ठिपक्यापर्यंत सुतळी ताणा.

हे सुतळीचं चित्र मला एक्स-रेपेक्षा भरवशाचं वाटतं. चारही ठिपके सुतळीखाली आले तर खालून गाडी सरळ आहे आणि वाकडा आहे तो मडगार्ड. पहिले दोन आणि शॅकलचा ठिपका सुतळीवर आणि फक्त ॲक्सलचा बाजूला असेल तर बॉडी निर्दोष, दोष पाट्यांत किंवा हाउजिंगच्या बैठकीत. पाट्याच्या पुढच्या बोल्टांचा ठिपकाच सुतळी सोडून गेला असेल तर हँगर, म्हणजे पाट्याचं पुढचं टोक बॉडीला धरणारा भाग, हलला. आणि शॅकलचा ठिपका सरकलेला असेल तर सुतळीच तिरकी बांधली गेली, तेव्हा ती पहिल्या दोन ठिपक्यांवरून मागे ताणून एकदा बघा. मागून ठोकलेल्या गाडीत असं होतं.

त्याच फुल्यांवर कर्ण मोजा. पाट्याच्या उजव्या पुढच्या बोल्टापासून डाव्या बॅकप्लेटपर्यंत आणि डाव्या बोल्टापासून उजव्या बॅकप्लेटपर्यंत. मग सरळ अंतरं, डावा बोल्ट ते डावी बॅकप्लेट, उजवा ते उजवी. ॲक्सल नुसता आडवा सरकला असेल तर सरळ अंतरं जवळजवळ सारखी येतील आणि ठळक फरक कर्णांतच पडेल. सरळ अंतरांतच ठळक फरक आला तर ॲक्सल गुण्यात (काटकोनात) नाही, एक चाक पुढे आणि एक मागे. हा दुसरा प्रकार जास्त वाईट. आडव्या सरकलेल्या ॲक्सलची गाडी दिसायला विचित्र, पण सरळ चालते. तिरक्या ॲक्सलची गाडी खेकड्यासारखी जाते. हिशेब सांगतो. दोन चाकांतलं अंतर साधारण १२०० मिमी, व्हीलबेस २३४०. एक चाक ८ मिमी पुढे असेल तर सरळ रस्त्यावर गाडीचं तोंड बुडाच्या ओळीपासून १५-१६ मिमी बाजूला चालतं आणि स्टिअरिंग कायम थोडं वळवून धरावं लागतं. लोक मग पुढचं अलाइनमेंट करत बसतात. तीनदा करून आलेली गाडी मी पाहिली आहे, दोष मागे होता.

पाट्यांकडे येतो, कारण बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो.

सगळ्यात आधी सेंटर बोल्ट. पाट्यांच्या गठ्ठ्याच्या मधून जाणारा हा बोल्ट, त्याचं गोल डोकं हाउजिंगच्या सीटमधल्या भोकात बसतं. ते फक्त जागा दाखवण्यासाठी आहे. ब्रेकचा आणि ओढीचा सगळा जोर यू बोल्टांच्या दाबाने पेलायचा असतो. यू बोल्ट सैल झाले की सगळा मार या बोटाएवढ्या बोल्टावर येतो आणि तो तुटतो. गाडी तरी चालतच राहते, कारण गठ्ठा यू बोल्टांत अडकलेला असतो, पण हाउजिंग त्या बाजूला मागे किंवा पुढे घसरतं. सरळ अंतरांत फरक आला असेल तर आधी हेच बघा. यू बोल्ट सोडले की तुटका तुकडा तुमच्या हातात पडेल. सीटचं भोक अंडाकृती झालं असेल तर ते वेल्डने भरून लेथवाल्याकडून बोल्टाच्या डोक्याच्या मापाचं परत पाडून घ्या. वॉशर टाकून भागवू नका.

मग बुश, पाट्याच्या टोकांत बोल्टाभोवती बसणाऱ्या रबरी नळ्या. रबर बारा वर्षांत दगड होतं किंवा खालच्या बाजूने झिजून बोल्ट लोखंडाला टेकतो. गाडी जमिनीवर असताना एकाने मागच्या बाजूला उभं राहून बॉडी आडवी हलवायची आणि दुसऱ्याने खालून शॅकलकडे बघायचं. शॅकलच्या पट्ट्या आणि पाट्याचं टोक यांच्यात सूत-दीड सूत आडवं खेळणं दिसलं तर सहाही ठिकाणचे बुश बदला, एक-दोन नाही. शॅकलच्या पट्ट्या मागून बघताना उभ्या असाव्यात. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकाच दिशेला झुकल्या असतील तर मागची टोकं त्या बाजूला ओढली जातायत, म्हणजे पुढचा हँगर तरी सरकला आहे किंवा मेन (गठ्ठ्यातल्या सगळ्यात लांब) पाट्याला पीळ आहे.

हा पीळ फार कमी जण तपासतात. तुम्ही सांगितलंत की गाडी खाली बसली होती म्हणून पाटे मारून आणले. पाटेवाला ट्रकच्या सवयीने काम करतो. कमान उत्तम काढतो, पण ऐरणीवर पाटा जरा तिरका धरला की मेन पाट्याचे दोन्ही टोकांचे गोल, ज्यांत बुश बसतात, ते एकमेकांना समांतर राहत नाहीत. तपासायला सोपं आहे. पाटा उतरवा, बुश काढा, दोन्ही गोलांत घट्ट बसतील असे हातभर लांबीचे दोन सरळ गज घाला. पाटा जमिनीवर ठेवून एका टोकाकडून एका डोळ्याने दुसऱ्या टोकाकडे बघा. दोन्ही गज एकमेकांवर एकच रेघ दिसायला हवेत. मी हल्लीच एक पाहिला, त्यात गजाच्या टोकाला पाऊण इंचाचा फरक होता. तो पाटा बुशमध्ये घालून आवळला की बुश त्याला सरळ करू बघतो, पाटा ऐकत नाही आणि शेवटी हाउजिंग बाजूला जातं. असा पाटा परत त्याच पाटेवाल्याकडे न्या, गज घालून दाखवा. दाखवल्यावर तोही करून देतो. फक्त सांगितलं तर ‘ट्रकला चालतंय की’ म्हणतो.

दोन्ही बाजूंचे पाटे एका जातीचे आहेत का, तेही मोजा. मुंबईतल्या काळ्यापिवळ्या टॅक्सी मोडीत निघाल्या तसे त्यांचे पाटे जुन्या बाजारात आले. डिकीत सीएनजीचा सिलिंडर आणि टपावर सामान, म्हणून पुष्कळ टॅक्सीवाले एक जादा पाटा घालायचे. एका बाजूला घरचा आणि एका बाजूला टॅक्सीचा गठ्ठा असेल तर गाडी कायम कललेली राहणार. पाट्यांची संख्या, जाडी, रुंदी आणि पुढच्या गोलापासून सेंटर बोल्टापर्यंतचं अंतर दोन्हीकडे जुळलं पाहिजे. सेंटर बोल्ट पाट्याच्या बरोबर मध्यावर असेलच असं नाही, म्हणून उतरवताना पुढच्या टोकाला रंगाचा ठिपका द्या. उलटा चढवलेला पाटाही ॲक्सल तिरका करतो.

एक साधी परीक्षा आणखी. डावा पाटा उजवीकडे आणि उजवा डावीकडे, पुढचं टोक पुढेच ठेवून, चढवून बघा. गाडीचा कल किंवा ॲक्सलचा तिरकेपणा आता बाजू बदलून गेला तर दोष पाट्यांत आहे यात शंका उरत नाही. पीळ मात्र यात कळत नाही, तो गजांनीच बघायचा; तिथेही काही नसेल तर पाटे निर्दोष आणि आपण हँगरकडे वळायचं.

रत्नागिरीची गाडी म्हटल्यावर मला खरी भीती हँगरचीच आहे. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि खालून ओलं अंगण. पाट्याचा पुढचा हँगर मागच्या सीटखालच्या कोपऱ्यात पत्र्याच्या पेटीला जोडलेला असतो आणि त्या पेटीत चिखल साठून आतून गंज लागतो. बाहेरून काळा अंडरकोट इतका छान दिसतो की संशयही येत नाही. जुना स्क्रूड्रायव्हर घ्या आणि हँगरच्या भोवती चारी बाजूंनी जोर देऊन टोचा. टण् असा आवाज यायला हवा. भद् आवाज आला किंवा टोक आत गेलं तर तिथला पत्रा संपला. असा हँगर उभ्या गाडीत जागेवर असल्यासारखा दिसतो आणि ब्रेक मारला की कागदासारखा मुडपतो. फरशीवर दुसरा ठिपका सुतळी सोडून गेला असेल तर स्क्रूड्रायव्हर टोचण्याआधीच उत्तर मिळालेलं असतं.

हे काम अंडरकोटने किंवा वरून पट्टी ठोकून होत नाही. पेट्रोलची टाकी उतरवा, बॅटरी सोडा, मागची सीट आणि आतलं लायनिंग काढा. मग कापायच्या आधी, हे विसरू नका, दोन्ही बाजूंच्या पेट्यांना आडवा लोखंडी अँगल टाके मारून बांधा, नाहीतर एक हँगर कापला की बॉडी स्वतःच हलते आणि मग मोजायला खूण उरत नाही. चांगला, उजळ पत्रा लागेपर्यंत कापा. नवा पत्रा दीड ते दोन मिमी. वेल्डिंग सीओटूचं करून घ्या, गॅसचं नको, पातळ पत्रा तापून वाकतो. नवा हँगर आधी दोन टाक्यांवर उभा करा, बोल्ट घाला, ओळंबा सोडा, मध्य सुतळीखाली आला आणि कर्ण जुळले की मगच पूर्ण वेल्ड मारा. वेल्डरला घाई असते, त्याला चहा पाजा, पण मोजून होईपर्यंत टॉर्च हातात देऊ नका. शेवटी पेटीच्या आत मेण किंवा गंजरोधक तेल सोडा आणि पाणी निघायची भोकं उघडी ठेवा.

हाउजिंग वाकलेलं असण्याची शक्यता कमी, पण एक तपासणी करून घ्या. मागचं चाक उचलून फिरवा. रिम डगमगत फिरली तर रिम किंवा आतला शाफ्ट वाकलेला. चाक सरळ फिरतंय पण कायम एकाच बाजूला कललेलं किंवा पुढे बंद, मागे उघडं असं दिसतंय तर हाउजिंगची नळीच वाकली. दोन्ही चाकांच्या पुढच्या कडांतलं आणि मागच्या कडांतलं अंतर सारखं हवं. दोन-तीन मिमीपर्यंत मी सोडून देतो. त्याहून जास्त असेल तर हाउजिंग तापवून सरळ करण्यात वेळ घालवू नका, दुसरं शोधा. कुर्ल्याच्या जुन्या बाजारात किंवा पुण्यात नाना पेठेत विचारल्यावर कुणी ना कुणी काढून देतो.

सगळं जुळवताना एक चूक हमखास होते. गाडी घोड्यांवर, चाकं लोंबकळतायत आणि तशातच शॅकलचे आणि पुढचे बोल्ट कचकचून आवळले जातात. गाडी खाली आली की प्रत्येक रबरी बुश कायमचा पिळलेल्या अवस्थेत बसतो, वर्षभरात फाटतो आणि तोवर ॲक्सलला आपल्या बाजूला ढकलत राहतो. म्हणून बोल्ट हाताने लावा, यू बोल्ट नवे घ्या (एकदा ताणलेले परत वापरू नका), सेंटर बोल्टचं डोकं सीटच्या भोकात बसलंय हे बोटाने चाचपून खात्री करा आणि चारी नट थोडे थोडे, समोरासमोरचे आवळत आणा. यू बोल्टचे दोन्ही पाय उभे सरळ हवेत. एक पाय तिरका दिसला की खाली काहीतरी चुकलंय. गाडी चाकांवर उतरवा, डिकीत नेहमीचं सामान आणि मागच्या सीटवर दोन माणसं बसवा, झुलवा आणि मग बुशांचे बोल्ट शेवटचे आवळा. ब्रेकचा होज आणि हँडब्रेकची केबल कुठे ताणली जात नाही ना ते बघा.

एवढं करून दोन्ही फटींत आठ-दहा मिमी फरक उरला, म्हणजे ॲक्सल चार-पाच मिमी बाजूला राहिला, आणि सुतळी म्हणते बॉडी ठीक, पाटे ठीक, तर मी हात जोडतो आणि थांबतो. फारच खुपत असेल तर सीट आणि पाटा यांच्यात जाड पोलादी प्लेट घालता येते, तिच्या खालच्या बाजूला भोक आणि वरच्या बाजूला तेवढ्याच मिमीने सरकवलेली खुंटी. लेथ आणि ड्रिलवर नीट करून घ्यायची, दोन्ही बाजूंना, आणि पाच मिमीच्या वर नाही. त्यापुढे यू बोल्ट तिरके होतात. मडगार्डची कड आत दुमडणं हे पाप नाही, पण ते टायर रुंद घातल्याची किंमत म्हणून करा, ॲक्सल सरळ करायचा उपाय म्हणून नाही.

पहिले दोन-तीनशे किलोमीटर झाले की यू बोल्ट परत आवळा, नवे पाटे एकमेकांत बसतात आणि नट पाव फेरा तरी घेतात. आंबा घाटातून इकडे यायचा विचार असेल तर ते आवळून मगच निघा. आणि येताना त्या आठ फुल्यांचे आकडे कागदावर लिहून आणा, मडगार्डचे नकोत.